बसलेलं इंजिन

‘इंजिन बसलं’ हे वाक्य गॅरेजमध्ये दोन वेगवेगळ्या दिवशी ऐकू येतं. एके दिवशी ते ऐकून पोटात खड्डा पडतो, कारण गाडी गेलेली असते. दुसऱ्या एखाद्या दिवशी तेच वाक्य उच्चारून मिस्त्री हात पुसतो आणि पोराला चहा आणायला पिटाळतो. आमच्या जीपच्या बाबतीत या दोन दिवसांमध्ये चार वर्षं आणि अडीच महिने गेले.

आपल्या भाषेत बसण्याला दोन्ही तोंडं आहेत. भिंत बसते, धंदा बसतो, घसा बसतो. आणि घट बसतात, गणपती बसतो, कामाचा जम बसतो, लुगड्याची घडी बसते. कोसळण्याला आणि जागच्या जागी स्थिर होण्याला एकच क्रियापद कसं, याचा विचार मी आधी कधी केला नव्हता. तो मला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये, साखळीला अडकवलेल्या इंजिनाकडे बघत बसलेली असताना करावा लागला.

जीप आजोबांची. १९६५ सालची महिंद्रा, उजव्या हाताचं स्टिअरिंग, पेट्रोल. आजोबांनी ती १९७४ मध्ये एका कंत्राटदाराकडून जुनीच घेतली. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली होती. आमची जीप त्याच घराण्यातली, उंच बॉनेटवाली. बॉनेट उंच का, हे मला लहानपणी आबांनी, म्हणजे वडिलांनी, सांगितलं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या इंजिनाचे सगळे वाल्व ब्लॉकमध्ये, बाजूला असायचे. पुढे जास्त ताकद हवी म्हणून इनटेकचे, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारे वाल्व वर हेडमध्ये, ब्लॉकवर बसणाऱ्या भागात नेले, धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्येच ठेवले. इंजिन उंच झालं, म्हणून त्याच्यावरचं झाकणही उचलावं लागलं. चार सिलिंडर, २१९९ सी.सी., सत्तरेक अश्वशक्ती. आजच्या मानानं आकडा काहीच नाही. पण हीच जीप गुऱ्हाळावरून गुळाच्या रव्यांची ट्रॉली ओढायची, आडलेल्या बाईला कोल्हापुरात सीपीआरला, सरकारी दवाखान्यात न्यायची आणि गावातल्या निम्म्या वरातींत फुलं लावून पुढं असायची.

गाव चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी आमच्या प्रयागावर एक होतं आणि पंचगंगा म्हणून कोल्हापूरकडे वळतं. त्यामुळे पाऊस पश्चिमेला कुठेही पडो, त्याचा हिशेब आमच्या दारात होतो. १९८९, २००५, २०१९, २०२१ ही आमच्याकडे नुसती सालं नाहीत, भिंतीवरच्या रेघा आहेत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं.

त्या दिवशी आबांनी जीपच्या दोन खेपा केल्या. म्हाताऱ्या बायका, लहान पोरं, एक बाळंतीण, सगळ्यांना सोनतळीच्या माळावर सोडलं. तिसऱ्या खेपेला रस्त्यावरचं पाणी बंपरच्या वर आलं होतं, तरी ते परत वळले, कारण दोन घरांतली माणसं अजून माडीवर होती. चावडीच्या अलीकडे जीपनं पाणी ओढलं. एक ठणका बसला आणि सगळं थांबलं. माडीवरची माणसं नंतर नावेतून निघाली, आबाही त्याच नावेतून आले. जीप तिथेच राहिली आणि आठवडाभर पाण्याखाली होती.

‘इंजिन बसलं,’ एवढंच ते म्हणाले. त्यानंतर चार वर्षं त्यांनी जीपचा विषय काढला नाही. २०२१ च्या पुराआधी आम्ही ट्रॅक्टरला बांधून ती उंचावर नेली, तेव्हाही ते सोप्यात बसून होते.

मी कोल्हापुरात बँकेत आहे, राहते राजारामपुरीत. यंत्रांचं शिक्षण माझं नाही. पण आबांच्या हाताखाली पाने देत वाढले, म्हणून पान्यांची मापं डोळ्यांना कळतात. २०२३ च्या मे महिन्यात, पावसाळा सुरू होण्याआधी, मी जीप उद्यमनगराला लागून असलेल्या एका गल्लीत आणली. तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी बॉनेट उघडलं, गाळाचा वाळलेला थर बोटानं खरवडला आणि पहिलं वाक्य बोलले, “ताई, डिझेल टाका. पेट्रोलचं आता काय ऱ्हायलंय?”

त्यांचं चुकत नव्हतं. पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडच्या कितीतरी जुन्या जीपांच्या पोटात केव्हाच डिझेल गेलं. ज्याचं पोट गाडीवर होतं त्याला पेट्रोल परवडणारं नव्हतं, आणि त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. आजोबांनीही दोनदा विचार केला होता. पण आमच्या जीपवर आता कुणाचं पोट नव्हतं. मला तो आवाज हवा होता. आणि खरं सांगायचं तर, जे इंजिन माणसं काढता काढता बसलं ते भंगारात घालून त्या जागी दुसरं टाकणं मला जमलं नसतं. मिस्त्रींना मी इतकंच म्हणाले, “हेच इंजिन परत बसवायचंय.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग इंजिनाकडे. “टाइम लागंल,” म्हणाले.

हेडच निघेना. सगळे बोल्ट सुटले होते, हाताखालचा पोरगा टॉमी घालून उचकटायला निघाला होता. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी आबांना फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “कार्बोरेटर काढा. त्येच्या खाली एक बोल्ट हाय. दिसत न्हाई.”

कार्बोरेटर काढला. त्याच्या खालच्या वाटेत, तेलकट काजळीत बुडालेलं बोल्टचं डोकं होतं. ते न बघता ज्यांनी हेड उचकटलं त्यांच्या हेडला तडे गेलेले मिस्त्रींनी पाहिले होते, तरी त्या सकाळी त्यांच्याही ध्यानातून ते निसटलं होतं. टॉमी खाली ठेवली गेली. जीपबद्दल आबांचे चार वर्षांतले पहिले शब्द ते.

आत जे दिसलं ते वाईट होतं. चारही पिस्टन गंजानं बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या भोकाला, धरलेले. दुसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड वाकलेला, उघड्या डोळ्यांना दिसेल इतका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही; पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कुणाला तरी वाकावं लागतं. तो ठणका म्हणजे हा रॉड होता. मी त्याचा फोटो काढला, पण आबांना पाठवला नाही.

पुढचे चार महिने ब्लॉक कोल्हापूरभर फिरला. डिझेल आणि रॉकेलमध्ये भिजत ठेवून, लाकडाच्या ठोकळ्यानं हळूहळू ठोकत पिस्टन काढायला तीन आठवडे गेले. बोअरच्या भिंतींना गंजाचे खड्डे होते, आणि आधीच्या कामांत त्या इतक्या कापल्या गेल्या होत्या की आणखी कापायला जागा नव्हती. मग चारही सिलिंडरना स्लीव्ह, म्हणजे आतून नव्या नळ्या, ठोकल्या आणि मूळ मापाला, सव्वातीन इंचाला एक सूत कमी, बोअर केलं. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, ग्राइंडिंगला गेला, वीस थाऊ खाली आला, त्या मापाच्या बेअरिंगा मिळवायला पुण्यापर्यंत फोन झाले. ज्यांना ही मापं नवीन आहेत त्यांच्यासाठी: इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, आणि हजारावा भाग म्हणजे थाऊ. उद्यमनगरात लोक थाऊमध्ये असे बोलतात जसे आपण तोळ्यामाशात बोलतो.

या गावाबद्दल मला इथं थोडं बोलू द्या. कोल्हापूर म्हटलं की लोकांना रस्सा, कुस्ती आणि चपला आठवतात. पण ज्या शहरानं उसाच्या शेतांसाठी ऑइल इंजिनं घडवली, जिथल्या फाउंड्र्यांमध्ये आजही रात्री लोखंड ओतलं जातं, त्या शहराची ओळख हातांची आहे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार या जुन्या कारागीर-उद्योजकांची नावं उद्यमनगरात अजून घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी घेतली जातात. या गल्ल्यांत ‘हा पार्ट मिळत नाही’ असं म्हटलं की समोरचा विचारतो, “नमुना हाय का?” नमुना असेल तर पार्ट होतो. मला हा प्रश्न या शहरातलं सगळ्यात आश्वासक वाक्य वाटतं.

माझी चूक इथंच झाली. क्रँकच्या मागच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या मधोमध, एक छोटा ब्राँझचा बुश असतो. गिअरबॉक्समधून येणाऱ्या शाफ्टचं नाक त्याच्यात टेकतं. जुना बुश झिजून लंबगोल झाला होता. मी एका लेथवर नमुना दिला, नवा करून घेतला, स्वतः मायक्रोमीटर लावून आतलं माप घेतलं. शाफ्टच्या नाकापेक्षा दोन थाऊ मोठा. छान. मी मिस्त्रींना सांगितलं, “मापलंय,” आणि त्यांनी माझ्या शब्दावर तो ठोकून बसवला.

घटस्थापनेला इंजिन जोडून तयार होतं. दसऱ्याला जीप चालू व्हावी, असं मी मनात धरलं होतं, कुणाला बोलले नव्हते. अष्टमीच्या दुपारी आम्ही ते बसवायला घेतलं. रेडिएटर आणि पुढची जाळी काढलेली, चेनपुलीला दीड क्विंटलच्या वरचं ते हिरवं रंगवलेलं धूड लटकलेलं. ते इंच इंच मागे नेत गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढवायचं. क्लच प्लेट आधीच मध्यावर धरलेली असावी लागते, नाहीतर शाफ्टचे दात तिच्यातून जात नाहीत. त्यासाठी मिस्त्रींकडे जुन्या जीपचा एक भंगारातला शाफ्ट होता. तो घालून प्लेट मधोमध धरायची, प्रेशर प्लेट आवळायची, शाफ्ट काढून घ्यायचा. हे सगळं नीट झालं. गिअर टाकला, मी पुढून हँडल घालून क्रँक केसभर फिरवला, दात दातांत गेले. इंजिन मागे सरकलं, सरकलं आणि थांबलं.

सहा सुतांची फट. पाऊण इंच. ना मागे, ना पुढे.

आम्ही हलवलं, थोडं उचललं, थोडं कलवलं, जॅकनं गिअरबॉक्सचा कोन बदलला. फट तेवढीच. पोरग्यानं लांब बोल्ट आणले आणि बेल हाउसिंगच्या भोकांत घालून आवळायला सुरुवात केली, म्हणजे बोल्टनंच इंजिन ओढून घ्यावं. मी थांबवलं नाही. मनातून मलाही तेच हवं होतं. संध्याकाळ होत होती, मला ते आजच बसायला हवं होतं.

मिस्त्रींनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला. “वढून बसवायचं न्हाई. बसत न्हाई म्हंजे कुटंतरी कायतरी आडवं हाय. त्ये गावलं पायजे.”

मग त्यांनी इंजिनाखाली फळी आणि जॅक लावला, साखळी तशीच ताणून ठेवली आणि हात धुतले. अष्टमीच्या रात्री अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते, त्यांना दर्शनाला जायचं होतं. “उद्या सकाळी?” मी विचारलं. “उद्या खंडेनवमी. उद्या पाना हातात घ्यायचा न्हाई,” ते म्हणाले. “नारळ घेऊन या.”

खंडेनवमीचं उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा पाहावं. एरवी ज्या गल्लीत शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं तिथं चिमण्या ऐकू येतात. लेथ धुतलेले, बेडवर तेलाचा हात फिरवलेला, चकच्या पकडीला झेंडूची माळ. ग्राइंडरला हळदकुंकू. आमच्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी पाने रॉकेलनं धुऊन, कोरड्या फडक्यानं पुसून पाटावर मांडले होते; मोठ्यापासून लहानापर्यंत, जणू जेवायला पंगत बसली आहे. हातोडी, छिन्न्या, फिलर गेज, फाटलेल्या बाइंडिंगचं पानांवर तेलाचे ठसे असलेलं एक मॅन्युअल. आणि पंगतीच्या टोकाला तो जुना शाफ्ट, त्याच्यावरही एक झेंडू. मागे आमचं इंजिन साखळीला, अर्धं आत अर्धं बाहेर. मिस्त्रींनी त्यालाही कुंकू लावलं.

मी फूल वाहायला वाकले. शाफ्टच्या नाकावर उदबत्तीच्या बाजूनं उजेड पडत होता आणि ते जास्तच चकचकीत दिसत होतं. हत्यार वापरायचं नव्हतं, पण नख फिरवायला मनाई नव्हती. मी नाकावरून नख ओढलं. मध्ये नख अडकलं. पायरी होती. नाक झिजून बारीक झालं होतं.

मला एकदम सगळं समजलं आणि कान गरम झाले. हा झिजलेला शाफ्ट आमच्या बुशमध्ये आरामात गेला होता, म्हणून कुणाला संशय आला नाही. जीपच्या शाफ्टचं नाक मात्र पूर्ण मापाचं होतं. आणि बुश? तो मी ठोकण्याआधी मोजला होता. घट्ट भोकात बुश ठोकला की बाहेरून दाब येतो आणि आतलं भोक तेवढंच आकसतं. मी ठेवलेले दोन थाऊ त्या दाबानं गिळले होते. मी मिस्त्रींना सांगितलं. ते थोडा वेळ शाफ्टकडे बघत राहिले. “ठोकल्यावर मापायचं ऱ्हायलं,” म्हणाले. माझं राहिलं असं म्हणाले नाहीत. कुणाचं, ते वाक्यात नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी दसरा. राजाराम महाराजांच्या काळातली १९३६ ची मेबॅक छत्रपती घराण्याला घेऊन दसरा चौकात येते, सोनं लुटलं जातं. दरवर्षी मी सोन्याकडे बघते, या वर्षी गाडीकडे बघत होते. इतक्या दसऱ्यांना तिचं बॉनेट किती हातांनी उघडलं असेल, आणि त्यांतल्या किती जणांनी काहीतरी ‘ठोकल्यावर मापलं’ असेल.

पंचवीस ऑक्टोबरला इंजिन परत बाहेर ओढलं. क्लच उतरवला. मिस्त्रींनी हँड रीमर घेतला आणि बुशमध्ये एकेक फेरा देत, मध्ये फुंकर मारत, दर दोन फेऱ्यांनी माप घेत राहिले. ब्राँझची सोनेरी पूड त्यांच्या बोटांवर साठत होती. यावेळी माप मी घेतलं, त्यांनी घेतलं, आणि मग पोरग्यालाही घ्यायला लावलं. क्लच परत चढवला. इंजिन परत साखळीला. दात दातांत गेले, मी हँडल केसभर फिरवलं, मिस्त्रींनी तळहातानं ब्लॉकला नुसतं ढकललं. ‘टक’ झालं. फट नव्हती. बोल्ट बोटांनी आत गेले.

“बसलं,” मिस्त्री म्हणाले, आणि पोरगा चहा आणायला गेला.

त्यानंतरचे दोन दिवस भराभर गेले: वायरिंग, पाण्याचे पाइप, सायलेन्सरचं पॅकिंग. टॅपेट लावले, म्हणजे वाल्वची फट ठेवली, इनटेकला १८ थाऊ, एक्झॉस्टला १६. प्लग काढून ठेवून हँडलनं इंजिन फिरवत राहिलो, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत, म्हणजे पहिल्या ठिणगीच्या आधीच प्रत्येक बेअरिंगला तेल पोचलेलं असावं. हात भरून आले पण काटा उठला. मग प्लग, एक-तीन-चार-दोन अशा क्रमानं वायरी, कार्बोरेटरमध्ये चमचाभर पेट्रोल. पहिल्या सेल्फला नुसतं खोकलं. टायमिंग थोडं मागं होतं, डेल्को, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, नखभर फिरवला. दुसऱ्या सेल्फला लागलं. निळा धूर निघाला आणि मग, धुराच्या मागून, तो आवाज.

मी फोनवर आबांना ऐकवला. ते म्हणाले, “दोन नंबरचा टॅपेट वाजतोय.” आणि फोन ठेवला. टॅपेट खरंच वाजत होता.

इंजिन बसलं असं म्हणतो, पण बसायला खरी सुरुवात त्यानंतर होते. होनिंग करताना, म्हणजे बोअर शेवटचं घासताना, त्याच्या भिंतीवर मुद्दाम तिरप्या रेघांची जाळी ओढतात. त्या जाळीत तेल थांबतं, आणि पिस्टनच्या नव्या रिंगा त्या रेघांवर घासून घासून बोअरशी जुळतात. आणि त्या नुसत्या फिरून जुळत नाहीत. सिलिंडरमधला जळत्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो, तेव्हा जुळतात. म्हणजे गाडीवर भार हवा. मिस्त्रींनी बजावलं होतं, “उगं दारात उभी करून घुरघुरत ठेवू नका. बोअर गुळगुळीत हुतोय, मग रिंगा कवाच धरत न्हाईत. चढाला घाला, पर जीव काढू नका.”

म्हणून मी रविवारी पहाटे जोतिबाच्या चढाला जायचे. वर जाताना दुसरा गिअर, पायाखाली थोडं पेट्रोल, मग सोडायचं, मग परत. एका वेगानं सलग चालवायची नाही. केर्ल्याच्या पुढं धुकं असायचं आणि उसाच्या तुऱ्यांच्या वर डोंगर. चढ संपला की उतरून सायलेन्सरमध्ये बोट फिरवायचे. पहिल्या रविवारी काळं, ओलं तेल. चौथ्या रविवारी कोरडी राखाडी.

५०० किलोमीटर झाले की तेल बदलायचं आणि हेडचे बोल्ट परत आवळायचे. गरम-थंड होऊन गॅस्केट दबतं आणि बोल्ट सैल पडतात, म्हणून. हे काम मला गॅरेजमध्ये करायचं नव्हतं. आवळायचा जोर मोजणारा टॉर्कचा पाना मिस्त्रींकडून मागून घेतला आणि जीप चिखलीला नेली.

शिवाजी पुलावरून जाताना पंचगंगा डिसेंबरातली होती, खाली, शांत, कडेला धुणी. चावडीच्या अलीकडे मी वेग कमी केला, का ते मला माहीत आहे. अंगणात जीप लावली, बॉनेट उघडलं, इंजिन थंड व्हायला सोडलं आणि आत जाऊन जेवले. बाहेर आले तेव्हा आबा बॉनेटपाशी उभे होते, दोन्ही हात मडगार्डवर. पेन्सिलीनं ब्लॉकवर लिहिलेल्या मिस्त्रींच्या खुणा वाचत होते.

मी मधल्या बोल्टपासून सुरू केलं, मधून बाहेर, आलटून पालटून, ६५ फूट-पाउंड. आबा नुसते बघत होते. एकेक करून सगळे झाले. मी पाना खाली ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, “आक्का, एक ऱ्हायला की.”

त्यांनी स्वतःच कार्बोरेटरच्या नटांना हात घातला. बोटं थरथरतात आता, एक नट अंगणात पडला, मी शोधून दिला. कार्बोरेटर उचलून त्यांनी माझ्या हातात दिला, वाटेत वाकून पाहिलं आणि हात पुढं केला.

“पाना आण हिकडं.”

मी दिला. त्यांनी तो त्या न दिसणाऱ्या डोक्यावर बसवला, पाय रोवले आणि ओढला. बोल्ट थोडा फिरला, आणखी थोडा, आणि पान्यातून ‘टक’ आवाज आला.